कुंदाताई, दगड परत जाणार नाहीत

कुंदाताई, तुझे सगळे दगड माझ्या घरी आहेत. टीव्हीखालचा कप्पा, खिडकीची पट्टी, ऋचाच्या अभ्यासाच्या टेबलाचा अर्धा भाग, सगळं त्यांनी व्यापलंय. हॉस्पिटलमध्ये तू मला सांगितलं होतंस की ते जिथून आणले तिथे नेऊन ठेव. मी हो म्हटलं होतं. तो शब्द मी मोडलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. नाही ऐकलंस तरी मी बोलणारच आहे, कारण "अनू, पुरे" म्हणून मला गप्प करायला तू आता समोर नाहीस, आणि या गोष्टीचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तुला जाऊन चाळीस दिवस होत आले. कंपाउंडमधल्या बायका अजून तुझ्याविषयी बोलतात, आणि सगळ्या एकच बोलतात. किती शांत बाई. कधी आवाज चढवला नाही. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ऐकून मला संताप येतो. शांत? हफरच्या वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी भरधाव चाललेली असताना "थांबवाऽऽ" म्हणून तू जी आरोळी ठोकली होतीस, ती यांनी ऐकायला हवी होती. तुझ्या सुरेशरावांना वाटलं, समोर उंट आला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, माझ्या मांडीवरच्या डब्यातली आमटी अंगावरच्या काळ्या अबायावर सांडली, आणि तू दार उघडून उतरलीससुद्धा. परत आलीस ती नारळाएवढा दगड पोटाशी धरून. चालत्या गाडीतून हा कसा दिसला, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "आजूबाजूचे सगळे पडलेत. हा बसलाय. न दिसायला काय झालं?" आमटी पुसायला तू स्वतःचा रुमाल दिलास, तोही मातीने भरलेला.

आपली पहिली भेट आठवते? आम्ही जुबैलला नुकतेच आलो होतो. शेजारच्या ब्लॉकमध्ये मराठी कुटुंब आहे असं माधव ऑफिसातून ऐकून आला, आणि मी रव्याचे लाडू घेऊन तुझ्या दारात उभी. तुझ्या हॉलमध्ये टीपॉयवर एक पसरट तबक, त्यात चाळलेली वाळू, आणि वाळूत मधोमध एक काळसर दगड, नुकतंच पाणी शिंपडलेला. माझ्या जन्माचे संस्कार. मी चप्पल काढली, लाडू खाली ठेवले आणि हात जोडले. सौदीत हे असं उघड्यावर, म्हणून मनातून घाबरलेसुद्धा. तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पोट धरून हसायला लागलीस. "अगं, देव नाही तो. दगड आहे. पण हात जोडलेसच आहेस तर बस, ओळख करून देते." वर्षभर मी तुला अहो-जाहो करत राहिले. मग एकदा तूच दम भरलास, की दगडाला अरे-तुरे करतेस आणि मला अहो, हे चालायचं नाही.

तुला हे वेड लावलं मोरीताबाईंनी. त्या मागच्या गल्लीत राहायच्या, त्यांचा नवरा कुठल्याशा प्लांटच्या उभारणीवर होता. तुला जपानी येत नव्हतं, त्यांचं इंग्रजी बेताचं. त्या दगड मांडायच्या, तू बघायचीस, त्या मान हलवायच्या किंवा नाही हलवायच्या. तुझं सगळं शिक्षण या मान हलवण्यावर झालं. सुइसेकी हा शब्दही तू मला शिकवलास, पाणी आणि दगड. नदीने घडवलेला दगड शोधायचा, आणि त्यात डोंगर, दरी, धबधबा, तळं, माळावरचं खोपटं यांपैकी काही दिसतंय का ते बघायचं. दगडाला हत्यार लावायचं नाही. उलट त्याच्या बुडाला जसे खड्डे-उंचवटे असतील, त्या मापाने लाकूड कोरून बैठक करायची. म्हणजे झुकायचं ते लाकडाने, दगडाने नाही. मोरीताबाईंकडे त्यासाठी छोट्या छिन्न्यांची पेटी होती. तुझ्याकडे भाजीची सुरी आणि यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या. वाळू तू पिठाच्या चाळणीने चाळायचीस आणि पाणी इस्त्रीच्या बाटलीने मारायचीस. सुरेशरावांच्या शर्टांना बाटली कधी वेळेवर मिळाली नाही.

मला शिकवताना मात्र तू मान हलवून भागवलं नाहीस. तू मास्तरीणच झालीस. दगड उचलला की आधी दुसऱ्या दगडावर हलकेच आपटून ऐकायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे, सोडून द्यायचा. मग खिळ्याने बुडाशी ओरखडायचं. ओरखडा उठला तर मऊ, पाण्याने वर्षा-दोन वर्षांत झिजणार. मग लिंबाचा थेंब. फसफसला तर चुनखडीचा. ("लिंबं सरबताला उरू देशील का?" सुरेशराव.) आणि सगळ्यात शेवटी तू डोळे मिटून हात फिरवायला लावायचीस. वाऱ्याने घासलेला दगड एका अंगाने तासल्यासारखा लागतो, मध्ये धार येते. पाण्याने घासलेल्याला धार नसते, तो कुठूनही हात अडवत नाही. मला हे कळायला दोन हिवाळे लागले. त्या दोन हिवाळ्यांत शुक्रवारची सुट्टी, डब्यात पुरी-भाजी, आणि अबायाच्या खिशात दगड घेऊन चालणाऱ्या आपण दोघी. लांबून बघणाऱ्या मेंढपाळाला आपण काय वाटलो असू, देव जाणे.

आणि माझा तो करडा डोंगर! तो मी एकटीने शोधला होता. दोन शिखरं, मध्ये खिंड, पायथ्याशी बारीक खडे चिकटलेले. महिनाभर मी त्याला रोज पाणी घातलं. तू आलीस, बघितलास, काही बोलली नाहीस. मला वाटलं, तू जळतेस. मग एके संध्याकाळी माधवने तो हातात घेतला, नखाने टोकरला आणि म्हणाला, "अनू, हे काँक्रीट आहे. मिक्सरच्या गाडीतून सांडलेलं. चांगल्या प्रतीचं आहे पण." तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी भांडायला आले तर तू म्हणालीस, "तू इतकी मन लावून बघत होतीस ना, म्हटलं बघू दे. बघायची सवय तर लागली." असा राग आला होता तुझा. आज तो राग कुठे ठेवू ते कळत नाही.

या देशात नदी नाही, हे सुरेशराव तुला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. "शाळेतल्या पोराला विचार. सौदीत एकही नदी नाही. आणि ही बाई नदीतले दगड गोळा करते." तू कधी चिडली नाहीस. तू फक्त एक गोल गुळगुळीत दगड त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मग हा काय चालत आला?" एका भूगर्भशास्त्राच्या माणसाने तुला सांगितलं होतं की फार फार पूर्वी पश्चिमेच्या डोंगरांतून इथवर पाणी वाहायचं, आणि हे गोटे त्याच पाण्याने आणलेत. त्या दिवशी तू इतकी खूश होतीस की सगळ्या ब्लॉकला शिरा वाटलास. कशाबद्दल, असं बायकांनी विचारलं तेव्हा नदी सापडली म्हणालीस. त्यांनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मीही तेव्हा हसले, कुंदाताई. त्यांच्या बाजूने हसले. ते तुझ्या लक्षात आलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

आता त्या गोष्टीवर येते. मी टाळणार नाही.

तू सुट्टीला नाशिकला गेली होतीस. घराची किल्ली माझ्याकडे, झाडांना आणि दगडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे. तुझा तो लांबट राखाडी दगड, पांढऱ्या शिरेचा, ज्याला तू सह्याद्री म्हणायचीस, तो अजून बैठकीविना होता. त्याचं बूड असं तिरपं की लाकूड किती कोरलं तरी तो कलंडायचा. दोन वर्षं तू त्याच्यामागे होतीस, तीन बैठका करून मोडल्यास. तुझा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. मी कोकणातली, ताई. आमच्याकडे पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाल्याला बोलवायचं आणि टाकी लावून घ्यायची. दगडाला हत्यार लागलं की दगड सुधारतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी तो दगड टॉवेलमध्ये गुंडाळला आणि माधवला घेऊन दम्मामला मार्बल कापणाऱ्या खानभाईकडे गेले. स्वयंपाकाचे ओटे करणारा माणूस. त्याने दगड उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "बहनजी, नीचे से सीधा कर दूँगा, ऊपर से शीशा बना दूँगा." मी म्हटलं, करा.

तू आलीस. दगड टीपॉयवर ताठ उभा होता, चकचकीत, बाजूला मी केलेला केक. तू बॅगही खाली ठेवली नव्हतीस. तू त्याच्या बुडावरून हात फिरवलास, मग वरून फिरवलास. मग हळू आवाजात म्हणालीस, "याला असा व्हायला किती वर्षं लागली असतील गं? आणि तुला एक दुपार पुरली." मला वाटलं, थट्टा करतेस. तुझा चेहरा बघितल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी माफी मागायची ती ओरडले. "तुझ्यासाठीच केलं ना मी! आणि शेवटी दगडच आहे तो!" ते वाक्य तुझ्या हॉलमध्ये आजवर फक्त सुरेशराव बोलत आले होते. तू केक कापलास, मला दिलास, आणि तो दगड माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "हा आता तुझा. मी नाही ठेवू शकत."

दोन महिने आपण बोललो नाही. एकाच बसने बाजारात जायचो, वेगवेगळ्या सीटवर बसून. मग ऋचाला गोवर निघाला, आणि तू मेतकूट-भात घेऊन दार वाजवलंस, जणू काल रात्री आपण सोबत चहा घेतला होता. मीही तसंच दाखवलं. दगडाचा विषय त्यानंतर तूही काढला नाहीस, मीही नाही. सहा वर्षं. तो दगड माझ्या बाल्कनीत आहे, अजून तसाच चकाकतो, आणि काही केलं तरी त्याचं कापलेलं बूड भरून येणार नाही. कुंदाताई, माझी चूक होती. तुझ्या घरची किल्ली हातात असताना मी तुझी सगळ्यात लाडकी वस्तू कापून आणली. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. हॉस्पिटलमध्ये रोज म्हणायचं ठरवून यायचे, आणि रोज संत्री सोलत बसायचे.

पण ती माझी चूक होती म्हणून तुझी चूक मी मुकाट्याने मान्य करावी, असं नाही.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सुरेशराव खुर्चीत होते. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "अनू, दगड जिथले तिथे ठेवून ये. प्रत्येकाखाली पट्टी आहे, जागा लिहिलेली आहे. मागे कुणाला नसता ताप नको." जपानी रीतच आहे ती, दगड कुठला ते नोंदवून ठेवायची. तू डॉक्टरी चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहायचीस, 'पेट्रोल पंपानंतर दुसरा पूल, उजवीकडे' असं. मी हो म्हटलं. त्या वेळी तू काहीही मागितलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. पण घरी येताना माझ्या डोक्यात तुझं शेवटचंच वाक्य वाजत राहिलं. नसता ताप.

हे तुझं जन्मभराचं आहे. पोळ्या कमी पडल्या की तुला भूक नसायची. गाडीत जागा कमी पडली की तुझं डोकं दुखायचं. दुखणंसुद्धा तू ईदची सुट्टी संपायची वाट बघून सांगितलंस, कुणाचा बेत मोडायला नको म्हणून, आणि त्या तीन आठवड्यांबद्दल मी तुला कधीच क्षमा करणार नाही. आयुष्यात एकाच बाबतीत तू कुणाचं ऐकलं नाहीस. या दगडांसाठी तू भर रस्त्यात गाडी थांबवलीस, नवऱ्याची बोलणी खाल्लीस, लोकांचं हसणं सोसलंस. आणि जाता जाता तेवढंही आवरून, पुसून, जागच्या जागी ठेवून जायचं? तू आलीच नव्हतीस असं करून? मला मंजूर नाही. बाई म्हणून नाही, मैत्रीण म्हणून नाही, आणि तुझी शिष्या म्हणून तर मुळीच नाही.

कारण तूच मला शिकवलंस की दगड घरात येऊन मोठा होतो. रोजचं पाणी, रोजचा हात, उन्हात ठेवणं, आत आणणं, यांनी वर्षानुवर्षांत त्याला जो रंग चढतो, तो नदीत चढत नाही. मोरीताबाई जपानला परत गेल्या तेव्हा त्यांनी तुला तो मुठीएवढा काळा दगड दिला. त्यांच्या आजोबांनी शोधलेला, मग वडिलांकडे, मग त्यांच्याकडे, मग तुझ्याकडे. तू तीन दिवस रडत होतीस. "चौथा हात माझा आहे, अनू," म्हणत होतीस. आता सांग, तो मी कुठे नेऊन ठेवू? त्याच्या पट्टीवर जपानी अक्षरं आहेत. जपानच्या नदीत टाकून येऊ? त्या आजोबांनी म्हटलं का, कुणाला नसता ताप नको? एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, हीच या छंदाची रीत असेल, तर पाचवा हात माझा आहे. मी इथून कायमची जाईन तेव्हा नेता येतील तेवढे नेईन, बाकीचे ज्यांना बघता येतं त्यांना देईन. ऋचासुद्धा हल्ली शाळेतून आल्यावर त्यांना पाणी मारते. "मम्मी, धिस वन लुक्स सॅड," म्हणते. सांगते तिला, सॅड नाही गं, कोरडा पडलाय.

पण हे सगळं तुझ्याशी वाद घालण्यापुरतं. खरा वाद सुरेशरावांशी होता.

ते तुला घेऊन नाशिकला गेले, सगळं करून तेराव्यानंतर परत आले. त्यांनी फायनल एक्झिट घेतलाय, सौदी कायमची सोडतायत. घर रिकामं करायचं होतं. मी दगड न्यायला गेले तर ते दारात उभे राहिले. "वहिनी, ते परत ठेवायचेत. मी स्वतः ऐकलंय." मी तुला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण बावीस वर्षांत तिने काही मागितलं नाही हो. हे एकच मागितलं. ते तरी मला करू द्या." मी म्हटलं, ठीक आहे, मी येते बरोबर. मनात मात्र मी पक्की होते. वाटेत काहीतरी करीन, रडेन, भांडेन, एखादा तरी ओढणीत लपवीन.

गेल्या शुक्रवारी आम्ही निघालो. सुरेशराव गाडी चालवत होते, माधव शेजारी, मागे मी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना, पायाशी, डिकीत, तुझ्या टॉवेलांत आणि त्यांच्या जुन्या बनियनांत गुंडाळलेले दगड. तासाभराने पेट्रोल पंप गेला, पहिला पूल गेला, दुसऱ्या पुलाशी त्यांनी गाडी थांबवली. त्यांनी एक दगड घेतला, त्याची पट्टी चष्मा लावून वाचली. तो खोपटाच्या आकाराचा होता, पुढे छप्पर आलेला. मी त्यांच्या मागोमाग उतारावरून खाली गेले. ते ऑफिसचे बूट घालून आले होते, सारखे घसरत होते.

खाली कोरडं पात्र, सगळीकडे गोटेच गोटे. त्यांनी वाकून दगड ठेवला. उभे राहिले. पुन्हा वाकले, उचलला, थोडा फिरवून ठेवला. पुन्हा उचलला. मला वाटलं, जागा नीट बसत नाहीये. असं त्यांनी चार वेळा केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, याची पुढची बाजू कुठली?"

कुंदाताई, प्रत्येक दगडाची एक दर्शनी बाजू असते, आणि ती ठरवायला तू महिने घालवायचीस. आज असा, उद्या जरासा डावीकडे, परवा पुन्हा मूळपदावर. आपल्याला वाटायचं, हा माणूस पेपरात तोंड खुपसून बसलाय. तो बघत होता गं. इतकी वर्षं पेपराच्या वरून तुला दगड फिरवताना बघत होता. नाहीतर हा प्रश्न त्यांना सुचलाच नसता. वाटेत करायच्या मी ठरवलेल्या सगळ्या युक्त्या गळून पडल्या. मी एवढंच म्हटलं, "सुरेशराव, इथे पुढची बाजू नसते. इथे कोण बघणार आहे त्याच्याकडे?"

ते तसेच उभे राहिले, दोन्ही हातांत दगड धरून. त्यांच्या खांद्यांकडे मला बघवेना, म्हणून मी वर चढून गाडीपाशी आले. थोड्या वेळाने तेही आले. दगड हातातच होता, आणि पँटचे गुडघे धुळीने माखलेले. माधवने विचारलं, "ठेवला?" ते म्हणाले, "घरी चला."

परतीच्या वाटेवर चेकपोस्टला थांबवलं. पोलिसाने इकामे, राहण्याचे परवाने, बघितले, मग डिकी उघडायला लावली. मिशीवाला, वयस्क माणूस. त्याने एक टॉवेल सोडवला, आतला दगड हातात घेतला, आणि "एश हादा?" म्हणून विचारलं. हे काय? तुला तर माहीतच आहे, गणवेशातल्या माणसापुढे तुझा नवरा "येस सर"च्या पलीकडे कधी गेला नाही. मी मनात उत्तरं जुळवत होते, सजावटीचे आहेत, बागेसाठी आहेत. सुरेशराव शांतपणे म्हणाले, "हादा हक मदाम." हे मॅडमचं आहे. पोलिसाने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माय मदाम." पोलिसाने त्यांच्या इकाम्याच्या पुस्तकात बायको म्हणून लिहिलेलं तुझं नाव पुन्हा बघितलं आणि विचारलं, "वेन?" कुठे आहे? सुरेशरावांनी त्याच्या हातातून तो दगड घेतला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि टॉवेलात नीट गुंडाळून परत आपल्या जागी ठेवला. पोलिसाने त्यांच्याकडे बघितलं. मग "अल्ला करीम" असं काहीसं पुटपुटला आणि डिकी त्यानेच हलक्या हाताने लावली.

तेव्हा कुंदाताई, आता तुला किती रागवायचं ते रागाव. स्वप्नात ये, बोल, दोन महिने पुन्हा अबोला धर, मी सगळ्याला तयार आहे. फक्त एवढं लक्षात ठेव, या भांडणात मी एकटी नाही. तुझा नवरा माझ्या बाजूला आहे.